मागचे पाय

हॉलची किल्ली माझ्याकडे असते.
म्हणजे बॉयलर माझा, चहाचं पिंप माझं,
आणि ऑक्टोबर ते जानेवारी
अख्ख्या गावाचे रुसवेफुगवे माझे.
लिंकनशरच्या या सपाट मुलखात
कोबीच्या शेतांपलीकडे उंच असं काही नाही,
म्हणून पॅन्टोत आम्ही दरवर्षी एक राक्षस उभा करतो.
पुठ्ठ्याचा. गुडघ्यापर्यंतच.
वरचा लोकांनी समजून घ्यायचा.

म्हातारीचं काम पंपहाउसवरचा लेस्टर करतो,
मिशी काढणार नाही या अटीवर.
राजपुत्र म्हणजे आमची टपालवाली ओडेट;
मांडीवर थाप मारताना अजून लाजते.
मुलांसाठी परवाना, आगीसाठी वाळूच्या बादल्या,
रॅफलला एक हॅम,
आणि साबणाचं तेच खोकं, चार वर्षांपूर्वीचं,
जिंकणारा दरवेळी खुर्चीखाली विसरून जातो.

आणि गाय.

गाय दोन माणसांची.
पुढे सिरिल ब्लँचर्ड, मागे नॉरिस टॅस्कर,
एकोणीस वर्षं.
दोघांच्या शेतांमध्ये एक चर आहे, तो उपसायचा कुणी
यावरून बोलणं तुटलेलं.
दुकानात एक शिरला की दुसरा पाव न घेता बाहेर.
पण कातड्यात शिरले की
नॉरिस सिरिलची कंबर धरायचा
आणि चारही पाय एकाच जिवाचे असल्यासारखे पडायचे.
आत तरी बोलता का, मी विचारलं होतं एकदा.
"तो 'पायरी' म्हणतो," नॉरिस म्हणाला.
"मी चढतो."

सिरिल सप्टेंबरात गेला.
पहिल्या तालमीला नॉरिसने
खुर्चीवरची गाय उचलून हुंगली.
कापूर, घाम, पेपरमिंट.
"पुढे मी," एवढंच.
मागे कोण, म्हटल्यावर हात वर आला
तो सिरिलच्या नातीचा. टॅमझिन.
सतरा वर्षांची, एका कानात पाच बाळ्या.
नॉरिसने तिच्याकडे पाहिलं नाही. नकोही म्हणाला नाही.

आमच्यात रीत आहे:
शेवटच्या दोन ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत.
आधी म्हटल्या तर खेळ पडतो.
म्हणून रोज रात्री आम्ही दोन ओळी अलीकडे थांबतो,
दिवे घालवतो,
आणि आपापल्या चिखलातून घरी जातो.

पहिल्या खेळाला एकशेबारा तिकिटं.
गाय आली, आणि दिव्यांत थबकली.
तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला:
नॉरिसने प्रेक्षक कधी पाहिलेच नव्हते.
एकोणीस वर्षं पाहिली ती अंधारातली एक पाठ.
मी विंगेत, हातात वही.
पण गायीला वाक्यं नसतात,
पुरवणार काय?
पोरं थोडा वेळ गप्प बसली,
मग त्यांना जे येतं ते ओरडू लागली,
भूत असो, चोर असो, अस्वल असो, हेच ओरडायचं असतं:
"मागे आहे! तुझ्या मागे आहे!"

गायीने मान वळवली.
सावकाश. वहीत लिहिलेलं नसताना.
आणि कातड्यातून, शेपटीच्या बाजूने,
पहिल्या रांगेलाही ऐकू जाईल असं:
"पायरी."
तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी नाही.
गाय चढली.

शेवटच्या दोन ओळी लेस्टर साफ विसरला.
मी आडून पुरवल्या, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या,
त्याला ऐकू आल्या नाहीत, कुणालाच नाही.
रॅफलचा साबण नॉरिसला लागला.
खोकं काखेत मारून तो दारापर्यंत गेला,
परत आला, म्हणाला,
गायीचे खूर ढिले झालेत, शिवून घे.
पुढचे की मागचे, मी विचारलं.
तो टोपी शोधत राहिला.